बिनपगारी रजा आणि सेवापुस्तकातला एक रकाना

माझी खाला 29 वर्षे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झाली. पेन्शनचे कागद भरायला मला बसवले, कारण घरात कॉम्प्युटरवाला मीच. सेवापुस्तक चाळताना 14 महिन्यांची ‘असाधारण रजा’ सापडली. कारण लिहिले होते ‘घरगुती’. खरे तर तेव्हा तिचे ऑपरेशन झाले होते. अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडायचा असतो हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

असाधारण रजा म्हणजेच बिनपगारी रजा. राज्याच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार ती वैद्यकीय दाखल्यावर घेतली असेल तर पेन्शनच्या सेवेत धरली जाते. घरगुती कारणावर घेतली तर ते दिवस वजा होतात. खालाची सेवा भरपूर होती, म्हणून पेन्शनचा अर्ध्या पगाराचा हिशेब वाचला. पण उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांना पाव पगार या दराने मिळते. तिथे किमान अर्ध्या महिन्याचा पगार गेला. वर वार्षिक वेतनवाढ लांबली ती वेगळीच. शेवटचा पगार त्याने कमी झाला आणि पेन्शन त्याच पगारावर ठरते.

1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या आणि एनपीएसमध्ये असलेल्या आपल्या पिढीचे नुकसान दुसऱ्या वाटेने होते. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के आपले, 14 टक्के सरकारचे. घरगुती कारणाने बिनपगारी रजा घेतली की दोन्ही बंद. 60 हजारांवर हे महिन्याला 14,400 होतात, वर्षाचे 1,72,800. वर्षाला 8 टक्के वाढ धरली तर 25 वर्षांनी त्याचे साधारण 11 लाख 80 हजार झाले असते. पंचविशीत घेतलेली रजा पन्नाशीतल्या रजेपेक्षा कितीतरी महाग पडते, हे ऑफिसात कुणी बोलत नाही.

आणि अशी रजा घेते कोण? बहुतेक घरांत सून, मुलगी, बहीण. सासऱ्यांचे आजारपण असो की मुलाची दहावी, नोकरी तिचीच थांबते. आधी अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, महिलांसाठीची 180 दिवसांची बालसंगोपन रजा शिल्लक आहे का, हे बघायला हवे. आजारी असाल तर दाखला त्याच वेळी जोडा. एरवी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून ठेवणारे आपण सेवापुस्तक मात्र निवृत्तीच्या वर्षी उघडतो.

दोष फक्त कर्मचाऱ्याचा नाही. कारणाच्या एका शब्दावर एवढे पैसे अवलंबून असतील, तर रजा मंजूर करणाऱ्या कार्यालयाने त्याचा परिणाम मंजुरीच्या पत्रातच लिहून द्यावा. आमच्या क्षेत्रात फाईल पुसण्याआधीही मशीन विचारते, नक्की का?

खालाने दुरुस्तीचा अर्ज केला आहे. ऑपरेशनचे जुने कागद अम्मीच्या पेटीत मिळाले, पण डिस्चार्ज कार्डावरची तारीख पुसट झाली आहे.