काळ्या पानावरची पांढरी अक्षरे

दिवाळीनंतर दवाखान्यात फराळाने बिघडलेली पोटे येतात, तशा डोळ्यांच्या तक्रारीही येतात. गेल्या वर्षी एक निवृत्त गुरुजी आले. "डॉक्टर, काचबिंदू तर नाही ना? धाकट्या भावाला आहे," हा त्यांचा पहिलाच प्रश्न. पिशवीतून त्यांनी दिवाळी अंक काढला. बाकीची पाने त्यांनी माझ्यासमोर घडाघडा वाचली. अडले ते एकाच कथेपाशी. भुताची गोष्ट, म्हणून सगळी पाने गर्द काळी आणि त्यावर बारीक पांढरी अक्षरे!

भावाला काचबिंदू असल्याने डोळ्यांतील दाब तपासायला मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. दाब व्यवस्थित निघाला. दोष त्या पानांचा होता.

काळे पान डोळ्याकडे प्रकाश कमी पाठविते. त्यामुळे बाहुली थोडी मोठी होते. बाहुली लहान असताना प्रतिमा रेखीव पडते. ती मोठी झाली की नंबरातले बारीकसारीक दोष उघडे पडतात. ज्यांना तिरपा नंबर आहे, त्यांना पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय दिसते. चाळिशीनंतर जवळचे दिसण्याची ताकद आधीच कमी झालेली असते, त्यात ही भर. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथील संशोधकांनी 2013 साली संगणकाच्या पडद्यावर केलेल्या प्रयोगांत तरुण आणि वयस्कर, दोघांनाही पांढऱ्यावरचे काळेच अधिक चांगले वाचता आले.

छपाईची अडचण वेगळीच. छापखान्यात याला 'रिव्हर्स' म्हणतात. पांढरी शाई वापरलेली नसते, अक्षराची जागा कोरी सोडलेली असते आणि भोवतालची शाई कागदावर किंचित पसरून त्या जागेत शिरते. इंग्रजी अक्षर त्यातूनही बरेचसे निभावते. आपल्या देवनागरीत मात्र 'व' आणि 'ब', 'प' आणि 'ष' यांतला फरक एका तिरप्या रेघेचा. ती रेघच शाईने खाल्ली, तर वाचणाऱ्याने अंदाज तरी किती बांधायचे? त्यातून कागद गुळगुळीत आर्टपेपर असला, की काळ्या पानात डोक्यावरची ट्यूबलाइट आरशासारखी दिसते.

अशा वाचनाने डोळे कायमचे बिघडत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. डोळे शिणतात, डोके दुखते, आणि म्हातारे माणूस पुस्तक मिटून ठेवते. मला हे शेवटचे अधिक गंभीर वाटते. ज्यांचा दिवस वाचनावर निघतो, त्यांच्यासाठी तो मोठाच तोटा आहे.

मोतीबिंदू असलेल्या काहींना मात्र उलटा अनुभव येतो. गढूळ भिंगातून पांढऱ्या पानाचा उजेड विखुरतो, म्हणून त्यांना काळ्यावरचे पांढरे, अक्षर ठळक आणि मोठे असेल तर, सोपे जाते. मोबाइलवर ती सोय बटण दाबून करता येते. छापलेल्या पुस्तकाला असे बटण नसते. म्हणून ते बहुसंख्य डोळ्यांना सोसेल असेच छापावे. मथळा खुशाल काळ्या पट्टीवर द्या, कथा देऊ नका. आणि संपादकांनी छपाईपूर्वी एक पान घरातल्या सत्तरीच्या माणसाला रात्रीच्या दिव्याखाली वाचायला द्यावे.

वाचकहो, साध्या पांढऱ्या पानावरही अक्षरे पुसट दिसत असतील, दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असतील किंवा एका डोळ्याची नजर एकाएकी कमी झाली असेल, तर मात्र छपाईला दोष देत बसू नका; नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

गुरुजींची ती गोष्ट पुढे नातीने वाचून दाखविली. भूत शेवटी निघालेच नाही, असे ते सांगत होते.