जन्माने ठरणारा समूह आणि जगाचा न्याय

६ एप्रिल १९९४ च्या रात्री रवांडाचे राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचे विमान राजधानी किगालीवर पाडण्यात आले आणि त्यानंतरच्या सुमारे शंभर दिवसांत त्या चिमुकल्या देशात आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. मेलेले बहुसंख्य तुत्सी होते. कत्तलीला विरोध करणारे हुतूही त्यांच्याबरोबर गेले. हत्यार बहुतेक ठिकाणी शेतातला कोयता होता आणि मारणारा बहुतेक ठिकाणी ओळखीचा शेजारी होता.

हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, धर्म एक, राहण्याच्या टेकड्या एक. मग मारणारा माणूस ओळखत कसा होता? कागदावरून! बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर तो कोण हे लिहून ठेवले. स्वातंत्र्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी ती नोंद तशीच चालू ठेवली. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर हेच ओळखपत्र मागितले जात होते आणि त्यावरच्या एका शब्दावर जगणे-मरणे ठरत होते. तुत्सी म्हणजे रवांडातले दलित, असे म्हणणे मात्र चूक ठरेल. बेल्जियन राजवटीने आधी त्यांनाच हाताशी धरले होते. परंतु जन्माबरोबर चिकटणारा आणि मरेपर्यंत न निघणारा शिक्का म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

जगाने त्या वेळी काय केले? संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक रवांडात हजर होते. त्यांचे सेनापती जनरल दालेर अधिक कुमक मागत होते. सुरक्षा परिषदेने २१ एप्रिल १९९४ रोजी ठराव करून हे दल उलट २७० माणसांवर आणले! अमेरिकेचे अधिकारी ‘वंशसंहार’ हा शब्द उच्चारायचेही टाळत होते, कारण तो उच्चारला की काही करावे लागेल. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारावर सह्या करणारी राष्ट्रे शब्दाचा कीस काढत बसली आणि तिकडे चर्चमध्ये आश्रयाला आलेली माणसे चर्चमध्येच मारली गेली.

सगळे संपल्यावर, ८ नोव्हेंबर १९९४ रोजी, सुरक्षा परिषदेने रवांडासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण स्थापन केले. टांझानियातील अरुशा येथे ते बसले आणि २०१५ अखेर बंद झाले. ९३ जणांवर आरोप ठेवले गेले, ६२ जणांना शिक्षा झाली. आठ लाख मृत्यूंपुढे ६२ हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण हे ६२ कोण होते ते पाहा. त्यांत पंतप्रधान होते, मंत्री होते, लष्करी अधिकारी होते, प्रशासक होते, धर्मगुरू होते, संपादक होते. पंतप्रधान कांबांडा याने गुन्हा कबूल केला आणि सप्टेंबर १९९८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. कोयता चालवणाऱ्या हातावर न थांबता, त्या हाताला हुकूम देणाऱ्या डोक्यापर्यंत हा न्याय पोहोचला. या न्यायाधिकरणाच्या कामातील तीन गोष्टी चळवळीने नीट अभ्यासल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट व्याख्येची. ताबा या भागाचा प्रमुख अकायेसू याच्यावरील खटल्याचा निकाल २ सप्टेंबर १९९८ रोजी लागला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलेला हा पहिला माणूस. पण न्यायाधीशांपुढे पेच होता. १९४८ चा करार राष्ट्रीय, वांशिक, जनजातीय आणि धार्मिक अशा चारच समूहांना संरक्षण देतो. भाषा एक, धर्म एक, मग तुत्सी यांत कुठे बसतात? न्यायाधीशांनी कराराच्या हेतूकडे पाहिले. ज्या समूहात माणूस जन्माने जातो, ज्यातून त्याला सहसा बाहेर पडता येत नाही, अशा स्थिर आणि कायमच्या समूहाला संरक्षण देणे हा करारकर्त्यांचा हेतू होता, असे त्यांनी म्हटले. जन्माने येणारे आणि सोडता न येणारे सभासदत्व! जातीची याहून नेमकी व्याख्या कोणती? पुढच्या न्यायालयांनी हा विस्तार फारसा पुढे नेला नाही, हे मान्य केले पाहिजे. पण वाट दाखवली गेली आहे.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. अकायेसूच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्षीसाठी आलेल्या स्त्रियांनी तो विषय काढला. खंडपीठावरील एकमेव महिला न्यायाधीश नवी पिल्ले या दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या, दरबान शहरातील एका बसचालकाच्या कन्या. न्यायाधीशांनी त्या स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेतले, प्रश्न विचारले, आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झाले. एखाद्या समूहाचा नाश करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हेही वंशसंहाराचे कृत्य आहे, हे त्या निकालाने प्रथमच सांगितले. आता आपल्याकडे पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावाने ठार मारले. खालच्या न्यायालयाने खुनाबद्दल कठोर शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, स्त्रियांच्या विटंबनेचा आरोप सिद्ध होत नाही, असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. म्हणजे मेले ते माणूस म्हणून मेले. जात म्हणून मारले गेले हे कागदावर आलेच नाही. अरुशात न्यायाधीशांनी साक्षीदार स्त्रीचे ऐकून आरोपपत्र बदलले. आपल्याकडे आरोपपत्रातून जात गळून पडते.

तिसरी गोष्ट चिथावणीची. रवांडात ‘मिल कोलिन’ नावाचे रेडिओ केंद्र होते आणि ‘कांगुरा’ नावाचे वृत्तपत्र होते. तुत्सी म्हणजे झुरळे, असा प्रचार त्यांनी चालवला. कत्तलीच्या दिवसांत हा रेडिओ माणसांची नावे आणि ठिकाणे सांगत होता. केंद्राचा एक संस्थापक नाहिमाना हा इतिहासाचा प्राध्यापक होता! ३ डिसेंबर २००३ रोजी न्यायाधिकरणाने दोघा रेडिओ-संस्थापकांना आणि कांगुराच्या संपादकाला दोषी ठरवले. २००७ मध्ये अपिलात शिक्षा कमी झाल्या, पण चिथावणीचा गुन्हा टिकला. त्याआधी १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला ज्यूद्वेषी पत्राचा संपादक श्ट्रायखर फासावर गेलाच होता. शब्दांनी माणसाला आधी किडा बनवायचे, मग किडा चिरडायला लोक आपोआप तयार होतात. चिथावणी देणाऱ्याच्या हाताला रक्त लागत नाही. म्हणून त्याचा गुन्हा कमी होत नाही.

बाबासाहेबांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १९३० च्या गोलमेज परिषदेत रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा अशी मागणी होती. एवढेच नव्हे, तर बहिष्काराची चिथावणी देणे हा वेगळा गुन्हा आणि बहिष्काराची धमकी देणे हा आणखी वेगळा गुन्हा! गाव एकत्र येऊन माणसाला मारते तेव्हा त्यामागे कोणीतरी बोललेले असते, कोणीतरी ठरवलेले असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. दलितांवर बहिष्कार घालणे वा त्याची धमकी देणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून अॅट्रॉसिटी कायद्यात यायला २०१५ ची दुरुस्ती उजाडावी लागली. पंचाऐंशी वर्षे!

भारताने वंशसंहारविरोधी करारावर १९४९ मध्ये सही केली आणि १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यासाठी देशात कायदा करण्याचे बंधन त्या करारातच आहे. तो कायदा आजतागायत झालेला नाही. १९८४ च्या शीखविरोधी कत्तलीतील सज्जनकुमार प्रकरणात १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले, की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पोकळी भरली पाहिजे. त्यानंतर सगळा फौजदारी कायदा नव्याने लिहिला गेला. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यातही हे गुन्हे नाहीत! संधी समोर होती, ती कोणी आणि का टाळली?

या पोकळीची किंमत कोण मोजतो हे बिहारने दाखवले आहे. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे येथे जमीनदारांच्या रणवीर सेनेने ५८ माणसे मारली. २०१० मध्ये सत्र न्यायालयाने २६ जणांना शिक्षा दिली. ९ ऑक्टोबर २०१३ रोजी पाटणा उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. रणवीर सेनेच्या मागे कोणते पुढारी आहेत हे शोधण्यासाठी नेमलेला अमीर दास आयोग अंतिम अहवाल देण्याआधीच २००६ मध्ये गुंडाळला गेला. रवांडात न्यायाधिकरण पंतप्रधानापर्यंत पोहोचले. इथे पुढाऱ्यांपर्यंत पोहोचू पाहणारा आयोगच बंद पडला. ५८ मेले आणि मारणारा कोणीच नाही!

प्रत्येक अत्याचाराला वंशसंहार म्हणावे, असे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी समूहाचा नाश करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. शब्द सैल वापरला तर त्याची धार जाते. पण मानवतेविरुद्धचा गुन्हा हा दुसरा गुन्हा आहे. नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला झाला, त्यांची समूह म्हणून छळवणूक झाली, की तो लागू होतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराने छळवणुकीच्या कारणांत वंश, धर्म, लिंग यांच्याबरोबर आंतरराष्ट्रीय कायद्याने अमान्य ठरवलेली इतर कारणेही धरली आहेत. दलित कार्यकर्त्यांनी २००१ मध्ये दरबानच्या परिषदेत जातीचा प्रश्न नेला तेव्हा भारत सरकारने तो अंतर्गत प्रश्न म्हणून अडवला. तरीही वंशभेद निर्मूलन समितीने २००२ मध्ये जन्माधारित भेदभावात जात येते हे स्पष्ट केले. रोम करारावर १९९८ मध्ये मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि आजही तो त्या करारात नाही.

यावर आक्षेप येईल, की हा न्याय बड्यांचा आहे. आक्षेप खोटा नाही. अमेरिका, रशिया, चीन स्वतः त्या न्यायालयाबाहेर आहेत आणि सुरक्षा परिषदेत बसून इतरांची प्रकरणे तिथे पाठवू शकतात. अनेक वर्षे तिथे आरोपी उभे राहिले ते आफ्रिकेचेच. २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट निघाले तेव्हा टाळ्या वाजवणारी अमेरिका २०२४ मध्ये नेतान्याहूंवर वॉरंट निघताच न्यायालयावरच उलटली. अरुशातही जिंकलेल्या पक्षाच्या सैनिकांवर खटले चालवले गेले नाहीत. पण अपुरा न्याय हे न्याय नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात आरोपी सुटतात म्हणून तो कायदाच नको म्हणणारे कोण असतात, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांचा कायदा संसदेने करावा. त्यात संरक्षित समूहांच्या यादीत जात हा शब्द असावा. चिथावणी देणारा, पैसा पुरवणारा आणि डोळेझाक करणारा अधिकारी यांना मुख्य आरोपी मानावे. साक्षीदाराला संरक्षण मिळावे. आपल्या खासदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, हा प्रश्न विचारला पाहिजे.

आणि एक काम कायद्याची वाट न पाहता आजच करता येईल. अरुशात खटले उभे राहिले ते साक्षीवर. रवांडाच्या गावागावांत २०१२ पर्यंत चाललेल्या सुमारे बारा हजार ‘गचाचा’ न्यायसभांपुढे लोक उभे राहून बोलले. त्या सभांतही दोष होते, पण गावाने काय केले ते गावासमोर सांगितले गेले. आपल्या वस्त्यांत किती म्हातारी माणसे जळालेल्या घरांच्या, तोडलेल्या पाण्याच्या, गाव सोडाव्या लागलेल्या रात्रीच्या आठवणी घेऊन बसली आहेत! त्या तारखेसह, गावाच्या नावासह लिहून ठेवा. उद्या कायदा होईल तेव्हा न्यायालय पुरावा मागेल. तेव्हा आपल्याकडे नुसते अश्रू असता कामा नयेत, कागद असला पाहिजे.