नोंदीला लागलेलें कुलूप

गेल्या आषाढांत नारायणगांवीं एका आडत्याच्या पेढीवर आमचा दोन दिवस मुक्काम होता. टोमॅटोचा हंगाम भरांत होता. बाहेर क्रेटांच्या थप्प्या व टेंपोंचा गलबला. आंत तीन संगणक, आणि तिघांवर मिळून हिशेबाची फाईल एकच.

आंबेगांव तालुक्यांतील एक वृद्ध बाई पट्टीचे पैसे घ्यावयास आल्या. नातीची फी त्याच दिवशीं भरावयाची होती. कारकुनानें खातें उघडलें, तों पडद्यावर इंग्रजी अक्षरें उमटलीं कीं, ही नोंद दुसऱ्याच्या हातीं असल्यामुळें कुलूपबंद आहे. "आजी, जरा बसा," असें म्हणून तो दुसऱ्याच्या शोधार्थ गेला. दुसरा तेंच खातें उघडें टाकून चहास गेला होता!

वाचकांस वाटेल, हा यंत्राचा दोष. आमचें मत उलट आहे. समजा, खात्यांत ५,००० रुपये आहेत. एकानें तो आंकडा वाचून २,००० मिळविले. त्याच क्षणीं दुसऱ्यानेंहि ५,००० च वाचून १,००० वजा केले. ज्याची लेखणी शेवटीं टेकेल त्याप्रमाणें खात्यांत ७,००० तरी राहतील, नाहीं तर ४,०००. खरे ६,००० कोठेंच नाहींत! हें टाळण्यासाठींच कुलूप असतें. आमच्या घराण्यांत कुलकर्णी वतन होतें त्या काळीं हा प्रश्न नव्हता. दप्तर एक, रुमाल एक आणि लिहिणारा हातहि एक. नाणेघाटांतील सातवाहनांच्या लेखांत यज्ञदक्षिणेचे आंकडे खडकावरच कोरले आहेत. तेथें तर खाडाखोडीची गोष्टच नको.

कुलपाचे प्रकार मात्र समजून घ्यावे. कांहीं वेळां नोंद कोणी खरोखरच उघडून बसलेला असतो. त्याला उठवावें, संगणकाची कळ दाबून बंद करूं नये. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेससारख्या संचांत मूळ फाईलीशेजारीं एक लहान कुलूप-फाईल तयार होते व आंत असलेल्या संगणकांचीं नांवें तींत सांपडतात. सर्वजण बाहेर पडले म्हणजे ती आपोआप नाहींशी होते. वीज गेली तर मात्र मागें राहूं शकते. तेव्हां आंत कोणी नाहीं याची खात्री करून, मूळ फाईलीची प्रत बाजूस ठेवून, मगच ती काढावी. कधीं कुलूप एका नोंदीस न लागतां चार किलोबाइटांच्या सबंध पानास लागतें, आणि शेजारच्या निरपराध खात्याचीहि अडवणूक होते. ही निवड संचाच्या मांडणींत बदलतां येते.

सर्वांत चमत्कारिक प्रकार परस्पर अडकण्याचा. एकाच्या हातीं शेतकऱ्याचें खातें, त्याला हवें व्यापाऱ्याचें. दुसऱ्याचें नेमकें उलट. दोघेहि वाट पाहात बसतात. मोठ्या संचांत यंत्रच एकाचें काम रद्द करून दुसऱ्यास वाट देतें. या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकीं जिम ग्रे यांस १९९८ सालीं ट्युरिंग पारितोषिक मिळालें. पेढीवर उपाय सोपा आहे: सर्वांनीं आधीं शेतकऱ्याचें व मग व्यापाऱ्याचें खातें उघडावें, हा क्रम मोडूं नये.

आतां त्या दिवसाचें पुढें. कारकुनास दुसरा सांपडेना, बाईंची घाई पाहवेना. त्यानें सबंध फाईलीची प्रत आपल्या संगणकावर उतरविली, पट्टी छापली, पैसे दिले. येथवर भूतदयाच म्हणावयाची. परंतु तिसऱ्या प्रहरापासून तो त्या प्रतींतच लिहीत राहिला, आणि सायंकाळीं सर्व गेल्यावर ती मूळ फाईलीवर चढवून मोकळा झाला. इतर दोघांचें दुपारचें सारें लिखाण पुसलें गेलें!

दुसऱ्या दिवशीं ओतूरचा एक शेतकरी आला, तों त्याच्या नांवावर माल उतरल्याची नोंदच नाहीं. "बाबा, काल तुमचा माल आलाच नाहीं," असें त्यास आमच्यासमक्ष सांगण्यांत आलें. चार माणसांत तो बिचारा खोटा ठरत होता. त्यानें मुकाट्यानें बंडीच्या खिशांतून घामानें ओली झालेली कार्बनची चिठ्ठी काढली. मालक सज्जन, त्यांनीं चिठ्ठी कपाळास लावली व तेथेंच पैसे मोजून दिले. मग तिघा कारकुनांनीं आदल्या दिवसाच्या चिठ्ठ्या काढून रात्रीं उशिरापर्यंत नोंदी पुन्हा लिहिल्या.

आतां पेढीवर चहास उठण्यापूर्वीं खातें मिटविण्याची ताकीद आहे, संगणकांस बॅटरी जोडली आहे आणि मूळ फाईल उतरविण्याची मुभा एकट्या मालकांस आहे. चिठ्ठ्यांचीं पुस्तकें मात्र त्यांनीं दुप्पट मागविलीं.