अद्वैताचे देणे

विश्वाच्या मुळाशी एकच तत्त्व असून आपल्याला दिसणारे नानात्व हा त्या एकाचाच आविष्कार होय, हा विचार कोणा एका धर्माच्या मिराशीचा नाही. स्पेनमधील मुर्सिया येथे ११६५ साली जन्मलेल्या इब्न अरबीच्या अनुयायांनी त्याला ‘वहदत-उल-वुजूद’ या नावाने शास्त्ररूप दिले; ख्रिस्ती जर्मनीत माइस्टर एकहार्टच्या वचनांविरुद्ध पोपने १३२९ साली फर्मान काढले; पुढे ईश्वर आणि सृष्टी एकच ठरविणाऱ्या स्पिनोझाला अ‍ॅम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ साली बहिष्कृत केले; आणि त्याच्या पुढच्याच वर्षी उपनिषदांचे फारसी भाषांतर सिद्ध करणारा दारा शुकोह १६५९ साली धर्मभ्रष्टतेच्या आरोपाखाली प्राणास मुकला. आपल्याकडे मात्र हा विचार पीठासनावर विराजमान झाला, त्याला मानमरातब लाभला, आणि माझ्या मते त्याच्या सामाजिक दुर्बलतेचे मूळ या सुखासीनतेतच आहे.

नागपूरच्या रामदासपेठेत राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. पेठेचे नाव घेताच ज्या समर्थांचे स्मरण होते त्यांचा ‘दासबोध’ अद्वैतसिद्धान्तावरच उभा आहे. शेजारच्या धंतोलीत १९२८ पासूनचा रामकृष्ण मठ आहे. आणि दुसऱ्या बाजूस थोडे चालत गेले की दीक्षाभूमी लागते, जेथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मराठीचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो तो ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ.स. ११८८ च्या सुमारास रचला असे परंपरा मानते. त्यावर अंबेजोगाईचा हक्क सांगितला जातो, तसा वैदर्भीय अभ्यासकांकडून कुही तालुक्यातील वैनगंगाकाठच्या अंभोऱ्याचाही. आणि त्या वादाचा निवाडा कसाही होवो, शंकराचार्यांचा वेदान्त मुकुंदराजांनी संस्कृत न जाणणाऱ्यांच्या बोलीत आणला, हे त्यांचे कार्य निर्विवाद आहे. त्या कार्याचे मोल ध्यानी येण्यासाठी ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावरचे आचार्यांचे भाष्य वाचावे : चराचरात एकच ब्रह्म पाहणारा तो अलौकिक बुद्धीचा पुरुष तेथे शूद्राला वेदाध्ययनाची मनाई कायम ठेवतो.

बाबासाहेबांनी नेमकी हीच विसंगती पकडली. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९८७ साली, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील राम-कृष्णविषयक परिशिष्टावरून एवढा गदारोळ उसळला की ब्रह्मविचारावरचे बाविसावे प्रकरण वाचायचे बहुतेकांचे राहूनच गेले. हे मी मोठे दुर्दैव समजतो, कारण वेदान्ताचा इतका गौरव करणारा आणि त्याच वेळी इतका जिव्हारी लागणारा अभिप्राय मला अन्यत्र आढळलेला नाही. आपण सारे एका ईश्वराची लेकरे आहोत, हा लोकशाहीचा पाया ते कच्चा ठरवितात. तू आणि मी एकाच विश्वतत्त्वाचे अंश आहोत ही जाणीव मात्र लोकशाहीचा केवळ उपदेश न करता ती प्रत्येकावर बंधनकारक करते, असे ते म्हणतात. आणि मग विचारतात की, असे असता या तत्त्वातून नवा समाज का निपजला नाही? ब्रह्माला धर्माचे अधिष्ठान कधी केलेच गेले नाही, हे त्यांचे उत्तर.

आमच्या प्रवचनकारांपाशी यावर एक ठरीव खुलासा असतो : पारमार्थिक सत्ता निराळी, व्यावहारिक सत्ता निराळी. हा भेद शास्त्रदृष्ट्या सूक्ष्म आणि समर्थनीय आहे. पण प्रत्यक्षात त्याचा उपयोग जुन्या कचेरीत नकोशा कागदांसाठी बांधून ठेवलेल्या रुमालासारखा झाला. पाणवठ्यावरून हाकललेल्या माणसाची तक्रार ‘व्यावहारिक’ म्हणून त्यात दाखल झाली आणि शतकानुशतके निकालाविना पडून राहिली. वास्तविक यावरचा उतारा मराठीतच होता. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’चे सातवे, सर्वांत विस्तृत प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला वाहिले आणि जगाला भ्रम न म्हणता चैतन्याचा विलास म्हटले. जग हा जर चैतन्याचाच विलास, तर माणसाची विटंबना ही साक्षात त्या चैतन्याची विटंबना ठरते, आणि कनिष्ठ सत्तेच्या नावाखाली तिची बोळवण करता येत नाही. तरीही चोखोबा पंढरीच्या देवळाबाहेरच राहिले, आणि ते दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

दुसरा दोष दिसायला गोड, म्हणून अधिक घातक : सर्व धर्म अखेर एकच सांगतात असे म्हणून इतरांचे मत परस्पर आपल्या खाती जमा करण्याचा. ज्यांचे महास्थान ऋद्धिपूर, त्या महानुभावांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परभिन्न मानले. बुद्धाने तर नित्य आत्माच नाकारला. दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी, बुद्धाला विष्णूचा अवतार न मानण्याची, ही अशा परस्पर जमाखर्चाविरुद्धची स्वच्छ कैफियत आहे. याउलट वेड्यांच्या इस्पितळात असलेल्या ताजुद्दीन बाबांची जामिनकी १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी पत्करली आणि त्या मुसलमान फकिराला सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवले, तेव्हा बाबांनी आपला दीन सोडला नाही आणि राजांनी आपले कुलाचार.

दसऱ्याला शुभ्र वस्त्रे नेसलेली खेड्यापाड्यांतली माणसे दीक्षाभूमीकडे लोटतात आणि तेथील दुकानांत पुस्तकांपुढे तासन्‌तास उभी राहतात. पदराच्या गाठीचे पैसे मोजून पुस्तक घेणाऱ्या वृद्ध स्त्रिया तेथे दिसतात. आमच्याकडे चातुर्मासात वेदान्ताची प्रवचने चालतात. यंदा त्यांत ते बाविसावे प्रकरण आरंभापासून अखेरपर्यंत वाचले जावे, आणि त्यावर बोलण्यासाठी दीक्षाभूमीवर दरसाल जाणाऱ्या एखाद्या वाचकाला सन्मानाने पाचारण करावे. तो ब्रह्म अमान्य करील, तर तेही श्रोत्यांनी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.