मार्का छापायला टाकण्याआधी



हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून दळायची. या सगळ्यात घरच्या माणसांचा जीव मेटाकुटीला येतो. माल सोन्यासारखा होतो. पण पिशवीवरचा मार्का जर पुसट, कडा खरखरीत आणि अक्षरे तुटकी असा उमटला, तर गिऱ्हाईक पिशवी परत ठेवून देते. आतला माल त्याला कुठे दिसतो? त्यातून पिशव्या शेकड्याने नव्हे, हजारांनी छापाव्या लागतात. एकदा चूक छापली गेली की गटाचे पैसे अडकतात आणि हंगामही हातचा जातो.

अशा वेळी आपण छापखान्याला बोल लावतो. पण पुष्कळदा आपण दिलेले चित्रच कच्चे असते. मोबाइलवर आलेला मार्का तसाच छापायला धाडला, तर तो नीट उमटायचा कसा?

चित्रे दोन जातींची असतात. एक ठिपक्यांचे आणि दुसरे रेघांचे. मोबाइलने काढलेला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ठिपके मोजकेच असतात. रांगोळी ताणून अंगणभर केली तर ठिपके लांब जातात आणि आकार फाटतो. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. चित्राच्या रुंदीत १२०० ठिपके असतील, तर ४ इंचांचे लेबल उत्तम येईल. तेच चित्र पोत्यावर १२ इंच केले की इंचाला १०० ठिपकेच उरले! शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की ठिपके आणखी कमी होतात. म्हणून फाइल नेहमी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

दुसरी जात रेघांची, तिला व्हेक्टर म्हणतात. जमिनीच्या मोजणीचा नकाशा आठवा. अमुक खुणेपासून तमुक खुणेपर्यंत रेघ, असा त्यात हिशेब असतो. नकाशा लहान कागदावर काढा की मोठ्या, बांध तुटत नाही. व्हेक्टर मार्क्याचेही तसेच आहे. तो ५० ग्रॅमच्या पुडीवर बसतो आणि दुकानाच्या पाटीवरही. म्हणून मार्का रेघांचाच करून घ्यावा.

इथे एक फसगत ध्यानात ठेवा. फोटो कोरल ड्रॉमध्ये आणून ठेवला आणि फाइलचे नाव बदलले, म्हणून तो व्हेक्टर होत नाही. डीटीपीवाल्याला सांगा, “चित्र खूप मोठे करून दाखवा.” कडा तुकतुकीत राहिली तर रेघांचे, पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर ठिपक्यांचे. यंत्राकडून आपोआप रेघा काढून घेतल्या तर त्या वेड्यावाकड्या येतात. मार्का हाताने पुन्हा रेखाटून घेणेच बरे.

अक्षरांची काळजी तर दुप्पट घ्यावी. आपला मराठी टंक छापखान्याच्या संगणकात नसला, तर नावाच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. म्हणून शेवटची फाइल देताना सगळी अक्षरे ‘कर्व्ह’ करून घ्यावीत, म्हणजे त्यांचीही रेघांची चित्रे होतात. मात्र त्यानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. म्हणून वेलांटी, रफार, जोडाक्षरे, वजन, पत्ता आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आधी दोघातिघांनी वाचावा. कर्व्ह न केलेली एक प्रत जपून ठेवावी.

आता रंग. पडद्यावरचा रंग उजेडाचा, छपाईतला शाईचा. पडद्यावर झळझळणारा रंग शाईत थोडा दबतो. छपाईचे चार मूळ रंग म्हणजे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. फाइल याच चार रंगांत, म्हणजे ‘सीएमवायके’मध्ये करून घ्यावी. हळदीच्या पिवळ्यात निळ्याचा अंश आला तर तो हिरवट दिसतो. पोत्यावर प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. मार्का एक-दोन रंगांतही खुलला पाहिजे. नुसत्या काळ्या रंगातला मार्काही करून ठेवावा. पारदर्शक पाऊच असेल तर रंगांच्या मागे पांढरी शाई घालायला सांगावे, नाहीतर आतला माल रंगातून डोकावतो.

बारीक रेघांचा मोह टाळावा. विणलेल्या पोत्यावर केसासारखी रेघ उमटतच नाही. गडद रंगावर पांढरी अक्षरे असतील तर ती जाड घ्यावीत, नाहीतर शाई पसरून बुजतात. लेबलाचा रंग कापण्याच्या रेघेबाहेर ३ मिलिमीटर जाऊ द्यावा आणि मजकूर तितकाच आत ठेवावा. म्हणजे पाते थोडे सरकले तरी पांढरी किनार दिसत नाही, अक्षरही कापले जात नाही. पाऊचचा आराखडा छापखान्याकडून आधीच मागून घ्यावा, कारण जोडाच्या पट्टीवर काही छापून चालत नाही.

पैसे देतानाच मूळ फाइल आणि पीडीएफ, दोन्ही पेन ड्राइव्हमध्ये घ्यावीत. मार्क्याचे हक्क गटाच्या नावे केल्याचे चित्रकाराकडून सहीनिशी लिहून घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हे हस्तांतर लेखीच व्हावे लागते, तोंडचा शब्द पुरत नाही.

शेवटी, खऱ्या मापाचा नमुना हातात घेऊन, उन्हात धरून बघितल्याशिवाय ‘छापा’ म्हणू नये. त्यावर तारीख घालून सही करावी आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. उद्या वाद निघालाच तर तोच पुरावा. बेणे आपण डोळा बघून, पारखून घेतो. मार्काही तसाच पारखून घ्यावा, कारण बाजारात आपल्या आधी तोच बोलतो.