दूध दिसण्याआधीचा खुराक

बंगळूरच्या उत्तरेला येलहंका आहे. एके काळी याच्या भोवती नाचणीची शेते आणि तळी होती. २००७ साली हे गाव महानगरपालिकेत आले, २००८ साली पुढे देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. अशा वाढत्या शहराच्या कडेला ज्यांनी दोन-चार शेळ्या राखल्या आहेत, त्यांची शेळी रानात हिंडून पोट भरू शकत नाही. दावणीत पडेल तेवढेच तिचे. म्हणून तिच्या गाभणपणातली हयगय तिला स्वतःला भरून काढता येत नाही.

शेळी व्याली, दूध येऊ लागले, की मग पेंड आणायची, असा बऱ्याच घरांतला रिवाज. खरी गरज मात्र त्याआधीच सुरू होते. शेळी सुमारे १५० दिवस गाभण असते. पिल्लाची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते आणि कासही तेव्हाच भरू लागते. नेमकी याच वेळी पोटातली पिल्ले जागा अडवतात, त्यामुळे शेळीला पुरेसा चारा खाता येत नाही. जुळी असतील तर ओढ आणखी वाढते. मग ती अंगातली चरबी झिजवू लागते. खाणे सोडते, कळपापासून दूर उभी राहते, दात खाते, तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. हा गाभणपणातला विषार. यात शेळी दगावू शकते. घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्याला बोलवावे.

तो टाळण्यासाठी थोड्या जागेत अधिक पोषण देणारे आंबोण हवे. मक्याची किंवा नाचणीची भरड ४ किलो, शेंगदाणा पेंड अडीच किलो, गव्हाचा कोंडा २ किलो, तुरीची चुणी १ किलो २०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम आणि मीठ १०० ग्रॅम एकत्र केले की १० किलो होते. तीस किलो वजनाच्या शेळीला रोज १०० ग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू ३०० ग्रॅमपर्यंत न्यावे, तेही दोन वेळांत विभागून. म्हणजे हे १० किलो सहा आठवड्यांना जवळजवळ पुरते. बुरशी आलेली पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. लग्नाघरचा उरलेला भात एकदम घालणेही घातक; पोटात आंबटपणा होऊन रवंथ बंद पडते.

आंबोण हे चाऱ्याच्या जोडीला असते, चाऱ्याऐवजी नव्हे. नाचणीच्या काडाबरोबर हादग्याचा किंवा फणसाचा पाला द्यावा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. खनिज मिश्रण सर्वत्र सारखेच लागते असे नाही. बंगळूरच्याच आडुगोडी भागात १९९५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने त्या त्या भागातल्या चाऱ्यातली उणीव पाहून मिश्रणे तयार केली आहेत. आपल्या भागासाठी कोणते योग्य, हे पशुवैद्याला विचारावे. व्यायच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची लस टोचली, तर तिचे संरक्षण चिकातून पिल्लालाही मिळते.

जार पडेपर्यंत पिल्लाला पाजायचे नाही, ही समजूत सोडून द्यावी. पहिल्या तासातच चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसात सुमारे २०० मिलिलिटर, थोडा थोडा करून. पिल्लू ओढू लागले की जार पडायलाही मदतच होते.

व्याल्यावर शेळीला कोमट पाणी आणि पाला द्यावा. आंबोण एकदम वाढवू नये, दहा-पंधरा दिवसांत वाढवत न्यावे. पुढे दर लिटर दुधामागे ३०० ते ४०० ग्रॅम जादा धरावे आणि स्वच्छ पाणी दिवसभर समोर ठेवावे. पिल्ले पितात तेही दूधच. हिशेबात तेही धरावे.

हे सारे जमायला एकच सवय हवी. शेळी फळवली ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. दूध देत असेल तर तीन महिने झाले की धार आटवावी, आणि साडेतीन महिने होताच आंबोणाचे पोते उघडावे. त्या वेळी कासेत दूध नसते, म्हणून हा खर्च वायफळ वाटतो. पण पिल्ले धडधाकट जन्मतील का आणि शेळी दुधाला किती चालेल, हे बरेचसे याच दिवसांत ठरते.