कुणाचा हात चालतो?



३ ऑक्टोबर २०२५ रोजी कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वांत वरच्या धर्मपदासाठी, सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. इसवी सन ५९७ पासून चालत आलेल्या या पदावर पहिल्यांदाच एक बाई. मूळच्या त्या नर्स. १९९९ ते २००४ या काळात इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी होत्या आणि २०१८ मध्ये लंडनच्या बिशप झाल्या.

आमच्या गटात या बातमीवर बोलणं निघालं तेव्हा एकीने विचारलं, "चर्च असो नाहीतर देऊळ, तिथल्या खुर्चीसाठी आपण कशाला धडपडायचं? ती खुर्चीच मोडायला हवी ना?" प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर मला आजही एका वाक्यात देता येत नाही. पण या चर्चने बायकांना आत घेताना कोणती अट कबूल केली ते बारकाईने पाहायला हवं. 'बाई अध्यक्ष चालेल, पण अमक्यांना पटत नाही, त्यांचीही सोय पाहू' हे वाक्य आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलेलं आहे.

चर्च ऑफ इंग्लंड हे तिथलं राजमान्य चर्च. राजा किंवा राणी त्याचे प्रमुख. त्याचे २६ बिशप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसून देशाच्या कायद्यांवर मत देतात. म्हणजे १९५२ ते २०२२ एक राणी या चर्चची प्रमुख होती, पण १९९४ पर्यंत एकाही बाईला तिथे पाळक होता येत नव्हतं, आणि २०१५ पर्यंत संसदेतल्या या २६ जागा पुरुषांसाठी राखीवच होत्या. राखीव जागांच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांना हे कधी सुचत नाही! १९७५ साली ब्रिटनमध्ये लिंगभेदाविरुद्ध कायदा झाला तेव्हा धर्मसंस्थांना त्यातून सूट मिळाली. २०१० च्या समता कायद्यातही ती राहिली.

विरोध करणारे दोन गोटांतले आहेत आणि त्यांची कारणं एकमेकांशी जुळत नाहीत. एका गोटाला रोमन कॅथलिक परंपरा जवळची. येशूने निवडलेले बाराही प्रेषित पुरुष होते. त्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिली, त्यांनी आणखी पुढच्यांना, अशी ही हातांची साखळी. आणि वेदीपाशी उभा राहणारा पाळक ख्रिस्ताच्या जागी उभा असतो, म्हणून तो पुरुषच हवा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या गोटाला वेदीचं एवढं काही नाही. त्यांचा आधार पौलाची पत्रं: पुरुष हा स्त्रीचं मस्तक, आणि बाईने पुरुषावर अधिकार चालवू नये. एकाला बाई वेदीपाशी नको, दुसऱ्याला ती व्यासपीठावर नको. बाई नको यावर मात्र एकमत.

त्याच शास्त्रात दुसरंही आहे. ख्रिस्ताच्या ठायी स्त्री-पुरुष भेद उरत नाही, हे गलतीकरांच्या पत्रात तोच पौल लिहितो. पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार मरीया मग्दालीया. रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात फिबी नावाची बाई येते. आपल्या मराठी शास्त्रात तिला 'सेविका' म्हटलं आहे. मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस', ज्यावरून चर्चमधलं डीकनचं पद आलं. तोच शब्द पुरुषाला लागला की पद होतो, बाईला लागला की सेवा. तेव्हा 'एकीकडे शास्त्र आणि दुसरीकडे आधुनिक बायका' असा हा वाद कधीच नव्हता. बायका शास्त्र वाचूनच बोलत होत्या.

आणि गरज पडली की बाई चालतेच. १९४४ साली, युद्धाच्या दिवसांत, मकावच्या मंडळीला प्रभुभोजन द्यायला पाळक पोचू शकत नव्हता, तेव्हा हाँगकाँगच्या बिशपांनी फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेतली ही पहिली बाई पाळक. युद्ध संपलं, वरून दडपण आलं, आणि त्यांना ते काम सोडावं लागलं.

पुढची पन्नास वर्षं इंग्लंडात ठराव, अभ्यासगट आणि पुन्हा ठराव यांत गेली. १९७५ साली जनरल सिनडने म्हटलं, स्त्रियांच्या दीक्षेला मूलभूत हरकत दिसत नाही. १९७८ साली प्रत्यक्ष पाऊल टाकायची वेळ आली तेव्हा पाळकांच्या सभागृहाने ठराव पाडला. त्या वेळी वरच्या सज्जात बसलेल्या डॉ. उना क्रोल ओरडल्या, की आम्ही भाकर मागितली आणि तुम्ही दगड दिलात. दुसऱ्याच वर्षी स्त्रियांच्या दीक्षेसाठी चळवळ उभी राहिली. अखेर ११ नोव्हेंबर १९९२ रोजी ठराव पास झाला. तीनही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवी होती. सामान्य सभासदांच्या सभागृहात १६९ विरुद्ध ८२. दोन माणसांनी मत फिरवलं असतं तर सगळं बुडालं असतं. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये ३२ बायकांना एकदम दीक्षा मिळाली.

इथवरची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. किंमत काय दिली ते सहसा कुणी सांगत नाही. १९९३ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक चर्चला ठराव करण्याची मुभा दिली: आमच्याकडे बाई प्रभुभोजन देणार नाही, आमच्याकडे बाई पाळक नेमायची नाही. शिवाय बायकांना दीक्षा देणाऱ्या बिशपचा हात ज्यांना नको, त्यांच्यासाठी खास बिशप नेमले गेले. लोक त्यांना 'उडते बिशप' म्हणत. नाराज होऊन राजीनामा देणाऱ्या पाळकांना नुकसानभरपाई मिळाली. असे चारशेहून अधिक जण बाहेर पडले. दीक्षेची वाट पाहण्यात ज्या बायकांचं उभं आयुष्य गेलं, त्यांच्यासाठी कसली भरपाई ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही.

बिशपपदाच्या वेळी हेच पुन्हा घडलं. २० नोव्हेंबर २०१२ रोजी ठराव सहा मतांनी पडला. विरोधात मत देणाऱ्यांत बायकाही होत्या, त्याचं आपल्याला नवल वाटायला नको. १४ जुलै २०१४ रोजी तो पास झाला, पण पाच मार्गदर्शक तत्त्वांसह. एक तत्त्व असं, की चर्चने निर्णय घेतला आहे आणि स्त्री बिशप ही कायद्याने खरीखुरी बिशप आहे, हे सर्वांनी मान्य करावं. दुसरं असं, की ज्यांना ते धर्मदृष्ट्या मान्य नाही त्यांचीही श्रद्धा याच चर्चच्या परंपरेत बसते आणि त्यांचीही भरभराट व्हावी. दीक्षा घेणाऱ्या प्रत्येकाला या तत्त्वांना संमती द्यावी लागते. म्हणजे उमेदवार बाईने दारातच लिहून द्यायचं, की मला पाळक न मानणाऱ्यांचं मत इथे ग्राह्य आहे. पुरुषाच्या पाळकपणाबद्दल असं काही कुणाला लिहून द्यावं लागत नाही.

जानेवारी २०१५ मध्ये यॉर्कला लिबी लेन यांना पहिली स्त्री बिशप म्हणून दीक्षा मिळाली. आर्चबिशप सेंटामूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्याभोवती बिशपांची एवढी गर्दी झाली की त्या दिसेनाशा झाल्या. आठवड्याभरातच त्याच कॅथीड्रलमध्ये फिलिप नॉर्थ यांची दीक्षा होती. त्यांना स्त्रियांची दीक्षा मान्य नव्हती. या वेळी आर्चबिशपांनी डोक्यावर हात ठेवला नाही, बाजूला उभे राहिले. बायकांना दीक्षा न देणाऱ्या तीनच बिशपांनी हात ठेवले. टीका झाली तेव्हा आर्चबिशपांनी सांगितलं, यात कसला डाग लागण्याचा प्रश्न नाही, हा फक्त संयम आहे.

डाग म्हणा, संयम म्हणा, मराठी बाईला यासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. विटाळ! बाईच्या डोक्यावर ठेवलेला हात आता माझ्या डोक्यावर नको. विरोधकांची बाजू न्यायाने मांडायची तर ते म्हणतात, इथे कुणी अपवित्र नाही. दीक्षेची साखळी तुटली नाही याची आम्हाला खात्री हवी, एवढंच. आमच्या आज्ज्याही सांगायच्या, बाजूला बसणं यात अपमान नाही, शिस्त आहे. बाजूला कोण बसतं ते पाहायचं.

सारा मुलाली यांचंच पाहा. लंडनच्या बिशप असताना पाळकांची दीक्षा त्यांनी स्वतः दिली नाही. ते काम सहायक बिशपांकडे ठेवलं. आधीच्या बिशपांचीही हीच पद्धत होती, हे खरं. पण आधीचे बिशप हात आवरत होते ते बायकांच्या दीक्षेवरून भांडण नको म्हणून, आणि आता बाई बिशप झाली तरी हात तिनेच आवरायचा. त्यांना मी दोष देत नाही. मोडकी एकी टिकवण्याचं काम घरात बाईकडे येतं, तसंच ते इथे आलं आहे.

एका मुद्द्यापाशी मात्र मी अडखळते. हे लोक सदसद्विवेकाच्या नावाने बोलतात. आम्हाला पटत नाही ते आमच्यावर लादू नका, म्हणतात. आणि याच चर्चपुढे, याच सदसद्विवेकाच्या नावाने, आपली पंडिता रमाबाई उभी राहिली होती. १८८३ साली वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहून तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना तिने तरुण पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली: मायदेशी तिचं वजन राहणार नाही! रमाबाईने उलट नवल केलं, की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने जे चालवून घेतलं ते या इंग्रजांना खटकावं? मठातल्या सिस्टर जेराल्डीनना ती प्रेमाने 'आजीबाई' लिहायची, पण त्रैक्याच्या सिद्धान्तावर मान तुकवायला तयार नव्हती. शास्त्र मी वाचेन आणि पटेल ते मानेन, हा तिचा हट्ट.

मग तिची सदसद्विवेकबुद्धी आपली, आणि या पाळकांची मात्र ढोंग, असं म्हणायचं का? मला तसं म्हणता येणार नाही. फरक दुसरीकडे आहे. रमाबाई जे मागत होती त्याने कुणाची जागा जात नव्हती, कुणाचा हात नाकारला जात नव्हता. न पटणाऱ्याने मनात न मानावं, घरी न मानावं, दुसऱ्या चर्चमध्ये जावं. त्याला कुणी अडवू नये. पण संस्थेने त्याच्या न मानण्यासाठी पद, पगार आणि बिशप पुरवावा, आणि तो पुरवण्याला सर्वसमावेशकता म्हणावं, हे मला मान्य नाही. आणि एकदा पडलेली वाट मोडत नाही. २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना मान्य झाल्या तेव्हा विरोधकांनी मागणी केली ती हीच: आम्हाला वेगळी व्यवस्था द्या, आमचे वेगळे बिशप द्या. नमुना तयारच होता.

आपल्याकडची अँग्लिकन मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या चर्चमधल्या मैत्रिणींना हे नवीन नाही. दक्षिणेत तर चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्येच नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केलं, इंग्लंडच्या वर्षभराहून आधी. पण आपल्याही पॅस्टोरेट कमिटीत किती बायका आहेत, आणि दीक्षित बाईला शहरातलं चर्च मिळतं की लांबचं खेडं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी या अंकाला लिहून पाठवावं.

रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीत छापला, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली. जुन्या ग्रंथालयांत तो मिळतो. ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांनी १८८४-८५ ची पत्रं आधी वाचावीत आणि पुढच्या बैठकीत बाकीच्यांना सांगावीत. आजीबाईंची उत्तरंही वगळू नयेत.